गुंता खाली, कारण वर

शिवणयंत्रावर कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता झाला की दोष बॉबीनचा, वरचा दोरा तुटला की टेन्शन जास्त, आणि टाके सुटू लागले की यंत्राचे टायमिंग बिघडले, असे तीन निवाडे शिवणवर्गांत, शिंप्यांच्या दुकानांत आणि घरोघरी इतक्या निःशंकपणे दिले जातात की ते एकदा पारखून पाहावेत असेही कोणाच्या मनात येत नाही. यांपैकी पहिला निवाडा जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो आणि उरलेले दोन क्वचितच खरे ठरतात. तरीही तिन्ही टिकून आहेत, कारण त्यांच्या मुळाशी एक चौथी समजूत ठाण मांडून बसली आहे: शिवणे हे शिवणाऱ्याचे काम आणि यंत्र समजून घेणे हे दुरुस्ती करणाऱ्याचे. या चारही समजुतींचा प्रतिवाद करणे अगत्याचे आहे, कारण त्यांची किंमत दर दिवशी मोजावी लागते ती यंत्रावर पोट असणाऱ्यांना.

प्रतिवादाला आधार यंत्राच्या रचनेचाच घ्यावा लागतो. हाताच्या सुईला नेढे मागच्या टोकाला असते आणि तिच्यामागून सगळा दोरा कापडातून आरपार जातो. यंत्राच्या सुईचे नेढे मात्र अणीजवळ असते, आणि ती दोरा कापडातून खाली नेऊन पुन्हा वर येते. अणीजवळ नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारे शटल यांचा मेळ घालणाऱ्या रचनेचे पेटंट १० सप्टेंबर १८४६ रोजी अमेरिकेत एलायस होवे यांना मिळाले, आणि आज ज्याला लॉकस्टिच म्हणतात तो टाका, म्हणजे आयएसओ ४९१५ या मानकात ३०१ हा क्रमांक असलेला टाका, याच मेळावर उभा आहे. सुई तळाला जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर उचलली जाते तेव्हा तिच्या एका अंगाचा दोरा कापडाशी घासून अडतो आणि त्याचा छोटासा फास बाहेर फुगतो. शटलचे टोक नेमके त्या क्षणी येऊन हा फास पकडते, तो मोठा करते आणि बॉबीन ज्या डबीत बसते त्या अख्ख्या केसभोवती फिरवून सोडून देते. अशा रीतीने वरच्या दोऱ्याने खालच्या दोऱ्याला कवेत घेतले की वरच्या बाजूला असलेला टेक-अप लिव्हर, म्हणजे सुईच्या ओळीत वर-खाली होणारा तो छिद्राचा दांडा, उरलेला सैल दोरा वर खेचतो आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसते.

या वर्णनातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या युक्तिवादाची किल्ली आहे. अख्ख्या केसभोवती फिरण्यासाठी फासाला कित्येक सेंटिमीटर दोरा लागतो, पण प्रत्यक्ष टाक्यात खर्ची पडतो तो जेमतेम काही मिलिमीटर; म्हणजे प्रत्येक टाक्याला खाली गेलेला बहुतेक दोरा परत वर यावा लागतो. टेक-अप लिव्हर वर जाताना दोरा दोन ठिकाणांहून येऊ शकतो, खालच्या फासातून किंवा वरच्या रिळातून. रिळाकडची वाट अडवून धरण्याचे काम टेन्शनच्या दोन चकत्या करतात. त्या दोऱ्याला चिमटीत धरतात म्हणून लिव्हरला आधी फास आवळावा लागतो आणि मगच पुढच्या टाक्यापुरता थोडा दोरा रिळातून मिळतो. आता दोरा या चकत्यांच्या मधे न बसता त्यांच्या कडेवरून गेला असेल, तर लिव्हरला रिळातून दोरा फुकट मिळतो आणि तो तोच ओढून घेतो. फास खालीच राहतो, पुढच्या टाक्याला त्याच्यात दुसरा फास मिसळतो, आणि दहा-बारा टाक्यांत कापडाखाली दोऱ्याचे घरटे तयार होते. दोरा लिव्हरच्या छिद्रातून निसटलेला असेल तर परिस्थिती याहून वाईट, कारण मग फास वर ओढणारे कोणीच उरत नाही आणि चाक जागीच अडकते.

हे ज्याला पटत नसेल त्याने वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून शिवावे. गुंता झाला की तो उलगडून पाहावा: खाली सापडणारा गोळा लाल दोऱ्याचा असतो, आणि पांढरा दोरा त्याच्यामधून जवळजवळ सरळ धावत गेलेला दिसतो. ज्या दोऱ्याचा गुंता झालाच नाही त्या दोऱ्याच्या केसचा स्क्रू पिळण्यात काय अर्थ आहे, याचे उत्तर बॉबीनला दोष देणाऱ्यांनी द्यायला हवे. उलट तो स्क्रू आवळल्याने खालच्या दोऱ्याची ओढ वाढते आणि तो वरच्या सैल दोऱ्याला आणखी खाली खेचतो, म्हणजे उपाय रोगाच्या बाजूने उभा राहतो.

यावर अनुभवाचा दाखला दिला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्क्रू आवळला आणि गुंता थांबला, हे अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु त्या दरम्यान आणखी काय काय घडले याची नोंद कोणी ठेवलेली नसते. गुंता झाला की कापड सोडवण्यासाठी फूट वर उचलावा लागतो, म्हणजे कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय. गोळा कात्रीने कापावा लागतो. केस बाहेर काढून बॉबीन पुन्हा घालावी लागते. आणि वरचा दोरा तुटलेला असल्यामुळे तो रिळापासून नेढ्यापर्यंत नव्याने ओवावा लागतो. यंत्राची रचना अशी आहे की फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि खाली आला की मिटतात. पहिल्या वेळी फूट खाली ठेवून दोरा ओवला गेला होता, म्हणून तो मिटलेल्या चकत्यांच्या मधे शिरलाच नाही; दुसऱ्या वेळी फूट वर होता, म्हणून तो नीट बसला. गुण आला तो या ओवणीने, आणि श्रेय गेले स्क्रूला. पुढच्या खेपेला गुंता झाला की पुन्हा स्क्रू पिळला जातो, पुन्हा ओवणी होते, पुन्हा गुण येतो, आणि चुकीची समजूत दर खेपेला अधिक पक्की होत जाते. या सगळ्याचा उलगडा करणारी कसोटी अर्ध्या मिनिटाची आहे. फूट वर ठेवून सुईजवळचा दोरा ओढावा, तो सहज सरकला पाहिजे. फूट खाली करून ओढावा, तो अडला पाहिजे आणि सुई किंचित वाकू पाहिली पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सरकला, तर दोरा चकत्यांत नाही किंवा चकत्यांमध्ये कचरा साचल्याने त्या मिटत नाहीत, आणि अशा वेळी केसला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

बॉबीन सदैव निर्दोष असते असा मात्र याचा अर्थ नाही. ती सैल किंवा एका बाजूला फुगीर भरली असेल, दुसऱ्याच बनावटीच्या यंत्राची घातली असेल, किंवा केसच्या पातळ पोलादी पट्टीखाली कापसाचा धागा अडकून ती उचललेली राहिली असेल, तर टाका बिघडतोच. पण त्या बिघाडाचे रूप वेगळे असते: पट्टीची पकड गेली की खालचा दोरा कापडाच्या वरच्या अंगाला ठिपक्यांसारखा दिसू लागतो. टिपेच्या अगदी पहिल्या दोन-तीन टाक्यांवरच होणारा गुंता हा तिसराच प्रकार, आणि त्याचे कारण इतकेच की दोन्ही दोऱ्यांची टोके फुटाखालून मागे घेऊन बोटाने धरली नव्हती, त्यामुळे पहिल्या फासानेच मोकळे टोक खाली ओढून नेले. गुंता कोठे, कोणत्या टाक्याला आणि कोणत्या रंगाच्या दोऱ्याचा आहे, हे पाहिल्याशिवाय दिलेला कोणताही निवाडा हा निव्वळ अंदाज असतो.

केसच्या स्क्रूबद्दल इतका आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. वरच्या टेन्शनच्या चाकावर पुष्कळ यंत्रांत आकडे कोरलेले असतात, त्यामुळे ते फिरवले तरी मूळ जागी परत आणता येते. केसच्या स्क्रूवर कोणतीही खूण नसते. तो पाव फेरा फिरला तरी ओढ पालटते, आणि दोन-तीन जणांनी आपापल्या अंदाजाने पिळल्यावर तो मुळात कोठे होता हे कोणालाच सांगता येत नाही. काळ्या रंगाच्या, सोनेरी नक्षीच्या ज्या यंत्रांवर महाराष्ट्रातील घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिवण झाली, त्यांत केस बाहेर काढता येत असल्याने तिची परीक्षा सोपी आहे. भरलेली बॉबीन केसमध्ये घालून केस दोऱ्याच्या टोकाने लोंबकळत धरावी आणि मनगटाला हलका झटका द्यावा. ती थोडी खाली उतरून थांबली तर ओढ योग्य आहे, सरळ खाली घरंगळत गेली तर सैल आणि हललीच नाही तर घट्ट. हे पाहिल्यावरच, आणि वरची सगळी वाट तपासून झाल्यावरच, स्क्रूला हात लावावा.

दोरा तुटण्याबाबतचा निवाडा तपासताना तर डोळ्यांसमोर असलेला पुरावा फेकून दिला जातो, कारण तुटलेले टोक बहुधा कात्रीने छाटून पुन्हा ओवले जाते. त्या टोकातच कारण लिहिलेले असते. ते सुरीने कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर वाटेत कोठेतरी धारदार कड आहे, आणि ती बहुतेक वेळा सुईखालच्या पोलादी प्लेटच्या छिद्राला, पूर्वी केव्हातरी सुई आपटल्यामुळे, पडलेली असते. टोकाच्या वर काही सेंटिमीटरपर्यंत दोरा पिंजल्यासारखा झाला असेल, तर तो नेढ्यात घासला जात आहे, म्हणजे सुई बोथट, खडबडीत किंवा दोऱ्याच्या मानाने बारीक आहे. पॉलिएस्टरच्या दोऱ्याचे टोक ताणून बारीक झालेले आणि कुरळे वळलेले दिसले, तरच अतिरिक्त ओढ हे कारण संभवते, आणि त्यातही ती ओढ चकत्यांचीच असेल असे नाही; रिळाच्या काठाला दोरा अडकवण्यासाठी पाडलेली खाच प्रत्येक फेऱ्याला दोरा पकडत असेल, तर तो ठरावीक अंतराने तुटतो, आणि रीळ उलटे लावताच दोष नाहीसा होतो. या चार शक्यतांपैकी एकीवरच टेन्शन सैल करण्याचा उपाय लागू पडतो. बाकीच्या तिन्हींत तो केल्यास दोरा तुटणे कदाचित थोडे कमी होईल, पण टाका सैल पडून शिवण उसवण्याची सोय होईल, आणि हा दोष गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा गेल्यावरच कळेल.

नेढ्यातील घर्षणाला इतके महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. खाली गेलेला दोरा जवळजवळ सगळाच परत वर येतो, असे वर म्हटले आहे. त्याचा परिणाम असा की दोऱ्याचा कोणताही एक तुकडा शिवणीत कायमचा बसण्यापूर्वी नेढ्यातून डझनावारी वेळा पुढे-मागे सरकलेला असतो. नखालाही न जाणवणारा ओरखडा एवढ्या फेऱ्यांत करवतीचे काम करतो. म्हणून सुई आणि दोरा यांची जोडी जमणे हे टेन्शनच्या आधी येते. सुईवरचा १४ हा आकडा म्हणजे मेट्रिक पद्धतीत ९०, आणि ९० म्हणजे दांडीची जाडी ०.९ मिलिमीटर, १६ म्हणजे १००, १८ म्हणजे ११०, आणि जॉर्जेटसारख्या तलम कापडाला लागणारी ११ क्रमांकाची सुई ७५. नेढ्याची रुंदी दांडीच्या प्रमाणात असते, त्यामुळे जाड दोरा बारीक सुईत ओवला गेला तरी तो चालेलच असे नाही. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून यंत्रावर गोधडी शिवताना ११ किंवा १४ क्रमांकाची सुई तशीच ठेवली जाते, जाड दोरा लावला जातो, आणि दर वीतभर टिपेला दोरा तुटू लागला की ‘मशीन गोधडीला चालत नाही’ असा शेरा मारला जातो. तेच यंत्र १८ क्रमांकाच्या सुईने, लांब टाक्याने आणि थर आधी हाताने टाचून घेतल्यास गोधडी नीट शिवते.

दोऱ्याच्या पिळाचाही येथे संबंध आहे, जरी शिवणवर्गात त्याचा उल्लेख फारसा होत नाही. दोन किंवा तीन पदर एकत्र पिळून दोरा बनतो, आणि हा पिळ डावा किंवा उजवा असतो. यंत्रावर वापरायच्या दोऱ्याला इंग्रजीतील झेड या अक्षराच्या मधल्या रेषेसारखा तिरपा पिळ दिलेला असतो, कारण लॉकस्टिचच्या हालचालीत तो घट्टच राहतो. उलट्या पिळाचा दोरा शिवता शिवता उलगडत जातो, पदर सुटे होतात आणि त्यांपैकी एक सुईच्या नेढ्याशी गोळा होऊन तुटतो. भरतकामासाठी किंवा हातशिलाईसाठी आणलेले रीळ यंत्रावर चढवले म्हणजे नेमके हेच होऊ शकते, आणि तेव्हाही बोल टेन्शनलाच लागतो.

टाके सुटण्याच्या तक्रारीत टायमिंगचा उच्चार इतक्या सहजपणे होतो की तो शब्द ऐकूनच शिवणारी व्यक्ती यंत्रापासून हात मागे घेते. टायमिंग म्हणजे सुई तळापासून वर उचलली जाण्याचा आणि शटलचे टोक तिच्याजवळ पोहोचण्याचा मेळ. हा मेळ स्क्रूंनी आणि पोलादी दांड्यांनी बांधलेला असतो. जबर आघात झाल्याशिवाय किंवा कोणी ते स्क्रू सोडल्याशिवाय तो आपोआप ढळत नाही. शटलचे टोक आणि सुई यांच्यात मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही कमी अंतर असते, आणि हे अंतर बिघडवायला वाकलेली सुई पुरते. सुई पकडीत पूर्ण वर सरकवली नसेल, तिच्या दांड्याची चपटी बाजू चुकीच्या दिशेला असेल, किंवा मागून कापड ओढण्याच्या सवयीने ती किंचित वाकली असेल, तर शटल येते पण फास त्याच्या टोकाला लागत नाही आणि टाका सुटतो. टी-शर्टच्या विणलेल्या कापडावर तर सुई सरळ आणि नवी असूनही टाके सुटतात, कारण ते कापड सुईबरोबर खाली-वर लवचिकपणे हलते, दोरा अडत नाही आणि फासच तयार होत नाही. त्यासाठी गोलसर अणीची सुई मिळते. नवी सुई घालून पाहणे हा दहा-वीस रुपयांचा प्रयोग आहे. तो न करता टायमिंगचे निदान करणे म्हणजे थर्मामीटर न लावता शस्त्रक्रिया सुचवणे होय.

तेलाने सगळे सुधारते या समजुतीला येथे थोडीच जागा पुरे. यंत्राला पातळ, पांढरे खनिज तेल लागते. घरातले खोबरेल थंडीत थिजते आणि खाद्यतेले कालांतराने चिकट होऊन धूळ धरतात. टेन्शनच्या चकत्यांवर तेल घातले तर त्यांची पकडच जाते आणि पहिल्या परिच्छेदातला गुंता हजर होतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने न वापरलेल्या यंत्राच्या सुईला आणि चकत्यांना गंज चढतो, तेथे तेलापेक्षा आधी सुई बदलणे आणि चकत्यांमधून स्वच्छ सुती कापडाची पट्टी फिरवणे उपयोगी पडते.

राहिली चौथी समजूत. शिवणाऱ्याने यंत्रात हात घालू नये, या म्हणण्यामागे एक खरी भीती आहे: अजाण हातांनी स्क्रू सुटले तर यंत्र खरोखरच बिघडते. पण ज्यांना ही भीती वाटते तेच केसचा स्क्रू पिळायला सांगतात, आणि सुई बदलणे, दोरा पुन्हा ओवणे, शटलजवळचा कचरा ब्रशने काढणे ही निर्धोक कामे मात्र शिकवत नाहीत, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. १९२४ साली दिल्लीत जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या टीकेतून शिवणयंत्राला अपवाद म्हणून बाजूला काढले होते, आणि त्याचे कारण ते माणसाचे कष्ट हलके करते, माणसाला निकामी करत नाही, असे होते. हा अपवाद सार्थ ठरायचा असेल तर यंत्र चालवणाऱ्याला ते समजलेही पाहिजे. दोरा अडकला म्हणून जिला यंत्र रिक्षात घालून दुकानात न्यावे लागते, आणि लग्नसराईत ब्लाउजच्या ऑर्डरी पडून असताना दोन दिवस हात बांधून बसावे लागते, तिच्या कष्टांचा भार त्या यंत्राने हलका केला असे कसे म्हणावे?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकामाचा समावेश आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आहे. अशा प्रत्येक प्रशिक्षणात, मग ते सरकारी असो वा गल्लीतल्या शिवणवर्गाचे, पहिला पूर्ण दिवस कापड न कापता दोऱ्याच्या वाटेला द्यावा, अशी मागणी करणे मुळीच अवाजवी नाही. दोन रंगांचे दोरे, एक मुद्दाम वाकवलेली सुई, एक खाच पडलेले रीळ आणि फूट खाली ठेवून केलेली एक ओवणी एवढे साहित्य त्या दिवसाला पुरते. बिघाड शिकणारीच्या हाताने घडवावा, तिच्याकडून वाचून घ्यावा आणि तिच्याच हाताने दुरुस्त करवून घ्यावा.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची गरज याने संपत नाही. शटलचे टोक झिजले, सुईचा दांडा घसरला, चाकाचा धुरा ढिला पडला, तर ते काम त्याचेच आहे, आणि ते कसबाचे काम आहे. पण त्याच्याकडे यंत्र नेताना तुटलेल्या दोऱ्याचे टोक, काढलेली सुई आणि दोन रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेली वीतभर टीप एका पाकिटात घालून सोबत न्यावी. चांगला कारागीर यंत्राचे झाकण उघडण्याआधी ते पाकीट उघडतो.